पायातील ब्लॉकेज: बलून, बायपास आणि संशोधन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाच्या धमन्या चरबी-कॅल्शियमच्या थरांनी अरुंद झाल्या की त्याला परिधीय धमनी विकार किंवा पीएडी म्हणतात. बोलताना आपण ‘पायातलं ब्लॉकेज’ म्हणतो. बलून म्हणजे धमनीत छोटा फुगा फुगवून ती रुंद करणे, स्टेंट म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी आणि बायपास म्हणजे रुग्णाचीच शीर किंवा कृत्रिम नळी जोडून अडथळ्याला वळसा घालणे. बाह्यरुग्ण विभागात रुग्ण आणि नातेवाईक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे गेल्या काही वर्षांतील संशोधनाच्या आधारे येथे दिली आहेत.

प्र. चालताना पोटरीत गोळा येतो. हे ब्लॉकेज की कमरेची नस?

धमनीच्या दुखण्याला शिस्त असते. ते ठरावीक अंतर चालल्यावर येते, चढावर किंवा घाईत लवकर येते आणि नुसते उभे राहिले तरी दोन ते पाच मिनिटांत थांबते. बसावे लागत नाही. मणक्यातील नस दबलेली असेल तर उभे राहूनही पाय दुखतो, आणि कंबरेत वाकले किंवा बसले की आराम पडतो. अशा माणसाला सायकल चालवताना फारसा त्रास होत नाही. संध्याकाळी पाय सुजून जड होत असतील आणि उशीवर ठेवल्यावर बरे वाटत असेल, तर दोष बहुधा शिरांचा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांचा असतो.

दुखण्याच्या जागेवरून अडथळ्याची जागा कळते. स्नायू दुखतो तो अडथळ्याच्या खालचा. पोटरी दुखत असेल तर मांडीतील धमनी, नितंब आणि मांडी दुखत असेल तर पोटातील महाधमनी किंवा तिच्या दोन फांद्या. या दुसऱ्या प्रकारात पुरुषांना लैंगिक ताठरता येत नाही, ही तक्रारही असते, पण ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मधुमेहींना हे सगळे लागू होईलच असे नाही. पायाची संवेदना गेलेली असेल तर दुखतच नाही, आणि पहिली खूण म्हणून थेट अंगठ्याच्या नखाशेजारी काळा ठिपका दिसतो.

प्र. एबीआय चाचणी कशी करतात? घरच्या बीपी मशीनवर होईल का?

एबीआय म्हणजे घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. रुग्णाला आडवे झोपवून पाच ते दहा मिनिटे शांत ठेवतात. घोट्याच्या हाडाच्या थोडे वर पट्टा बांधतात, त्वचेवर जेल लावून हातातल्या डॉपलरची (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राची) कांडी तिरकी धरतात आणि धमनीचा ‘हुश-हुश’ आवाज पकडतात. आवाज बंद झाल्यावर आणखी 20 मिमी पारा फुगवून पट्टा हळूहळू सैल करतात. आवाज परत येतो तो आकडा लिहितात. प्रत्येक पायात दोन धमन्या तपासायच्या, पावलाच्या पाठीवरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची, आणि त्यातला मोठा आकडा घ्यायचा. हातही दोन्ही मोजून मोठा आकडा घ्यायचा.

उदाहरणार्थ, हात 140 आणि 132. उजवा घोटा 84 आणि 78. एबीआय = 84 ÷ 140 = 0.60. साधारण 1.00 ते 1.40 सामान्य, 0.91 ते 0.99 सीमारेषेवर, 0.90 किंवा कमी म्हणजे आजार.

घरचे मशीन येथे चालत नाही. पायातला प्रवाह क्षीण झाला की ते ‘एरर’ दाखवते किंवा चुकीचा आकडा देते, आणि नेमके अशाच पायाचे मोजमाप हवे असते. तपासणीआधी विडी-सिगारेट ओढलेली, खोली गारठलेली, पट्टा लहान पडलेला, एकच हात मोजलेला, या नेहमीच्या चुका. शेवटची सर्वांत महागात पडते. ज्या हाताची धमनी स्वतःच अरुंद आहे तोच मोजला, तर भागाकार खोटा वर जातो.

प्र. माझा एबीआय 1.5 आला. म्हणजे रक्तपुरवठा उत्तम?

उलट. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या आणि डायलिसिसवरील रुग्णांच्या घोट्याच्या धमन्यांत कॅल्शियम बसते. पट्टा कितीही फुगवला तरी ती धमनी दबत नाही, म्हणून आकडा वर जातो. 1.40 च्या वरचा एबीआय हा ‘मोजता आला नाही’ असाच वाचावा. अशा वेळी अंगठ्याला छोटा पट्टा लावून दाब मोजतात, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा दबण्याजोग्या राहतात. अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब 0.70 किंवा कमी असेल तर अडथळा आहे. अंगठ्याचा दाब 30 मिमी पाऱ्याखाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार थोडी.

आमच्या मते मधुमेहीच्या पायाला जखम असताना फक्त एबीआय पाहून ‘रक्तपुरवठा ठीक’ असा शेरा मारणे धोक्याचे आहे.

प्र. चालल्यावरच दुखतं, आणि तुम्ही चालायलाच सांगता?

हो, आणि दुखेपर्यंत चालायला सांगतो. आठवड्यातून किमान तीन दिवस, प्रत्येक वेळी 30 ते 60 मिनिटे (विश्रांती धरून), सलग किमान 12 आठवडे. वेग असा ठेवायचा की तीन ते पाच मिनिटांत पोटरी मध्यम ते जोरात दुखू लागेल. मग थांबायचे, दुखणे पूर्ण जाऊ द्यायचे, पुन्हा निघायचे. सलग आठ-दहा मिनिटे चालता येऊ लागले की वेग किंवा चढ वाढवायचा.

रमतगमत, दुखण्याआधी थांबत चालल्याने फायदा होतो का, हे अमेरिकेतील लाइट या अभ्यासात 305 जणांवर तपासले गेले. 2021 साली निष्कर्ष आले. घरीच व्यायाम करणाऱ्यांपैकी जे दुखेपर्यंत चालत होते, त्यांचे सहा मिनिटांत कापलेले अंतर वर्षभरात सरासरी 34.5 मीटरने वाढले. हळू चालणाऱ्यांचे वाढलेच नाही. रोज बागेत दोन फेऱ्या मारूनही फरक पडत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा येथे उलगडते.

अडथळा तसाच राहतो, तरी अंतर वाढते. स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूत जास्त काम करायला शिकतो आणि धमनीचे अस्तरही सुधारते. पावलाला जखम किंवा बसल्याजागी वेदना असेल तर मात्र हा व्यायाम करू नये. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावे.

प्र. त्यापेक्षा एक स्टेंट टाकून मोकळं का होऊ नये?

फक्त चालताना दुखणाऱ्या पायाची घाई नसते. अशा रुग्णांपैकी पाच वर्षांत पाय धोक्यात येणारे शंभरात एक-दोन असतात. तंबाखू आणि मधुमेह सुरूच राहिला तर हे प्रमाण वाढते. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका मात्र कितीतरी मोठा असतो, आणि स्टेंटने तो कमी होत नाही.

2012 च्या क्लेव्हर अभ्यासात पोटातील महाधमनीपासून जांघेपर्यंत अडथळा असलेले 111 रुग्ण होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याची कमाल वेळ देखरेखीखालील व्यायामाने 5.8 मिनिटांनी वाढली, स्टेंटने 3.7 आणि फक्त औषधांनी 1.2 मिनिटांनी. रोजच्या जगण्यातला आराम विचारला तेव्हा स्टेंटवालेही समाधानी होते, हेही नोंदवायला हवे. तीन महिने मनापासून व्यायाम आणि औषधे करूनही नोकरी किंवा घरकाम अडत असेल, तर जांघेच्या वरच्या अडथळ्यासाठी स्टेंट हा चांगला पर्याय आहे. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत केवळ चालण्याच्या दुखण्यासाठी बलून घालू नये. तो भाग लवकर पुन्हा अरुंद होतो, आणि कधीकधी पाय आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातो.

प्र. गोळ्या कशासाठी? त्यांनी ब्लॉकेज विरघळतं का?

विरघळत नाही. पण गोळ्या बंद केल्या की माणूस हृदयविकाराने जाण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या घ्यायच्या.

कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन जोरदार मात्रेत हवे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निदान निम्म्यावर यावे, जमल्यास 55 च्या खाली. रक्त गोठू न देणारी एक गोळी हवी. 1996 च्या कॅप्री अभ्यासात पायाच्या आजाराच्या गटात क्लोपिडोग्रेल 75 मिग्रॅ ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरले होते. बलून किंवा बायपास झालेल्यांसाठी 2020 चा व्हॉयेजर अभ्यास महत्त्वाचा आहे. 6564 रुग्णांत ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्साबान 2.5 मिग्रॅ दिवसातून दोनदा दिल्यावर तीन वर्षांत पाय अचानक बंद पडणे, मोठी शस्त्रक्रिया करून पाय कापणे, हृदयविकार, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण 19.9 टक्क्यांवरून 17.3 टक्क्यांवर आले. रक्तस्राव थोडा वाढला. मात्रा 2.5 मिग्रॅच आहे, हे औषधाच्या दुकानात पुन्हा पाहून घ्या. याच औषधाच्या 10, 15 आणि 20 मिग्रॅच्या गोळ्या वेगळ्या आजारांसाठी असतात आणि चिठ्ठी वाचताना गोंधळ होतो.

सिलोस्टाझोल 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा घेतल्यास चालण्याचे अंतर वाढते. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे, परिणाम दिसायला चार ते बारा आठवडे लागतात. डोके दुखणे, धडधड आणि पातळ शौच हे नेहमीचे त्रास. हृदय कमजोर असलेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने हे औषध अजिबात घेऊ नये.

मधुमेहींसाठी नवी भर म्हणजे सेमाग्लुटाइड. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राइड अभ्यासात टाइप 2 मधुमेह आणि पीएडी असलेल्या 792 जणांना आठवड्याला 1 मिग्रॅ इंजेक्शन किंवा नकली औषध दिले गेले. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांचे चालण्याचे अंतर तुलनेने 13 टक्के जास्त होते. चालणे सुधारणारे औषध बऱ्याच वर्षांनी मिळाले आहे. किंमत हा वेगळा प्रश्न.

प्र. ‘पाय धोक्यात आहे’ असं नेमकं केव्हा म्हणतात?

दोन आठवड्यांहून अधिक काळ विश्रांतीतही पाऊल दुखणे, न भरणारी जखम किंवा काळे पडणे, आणि मोजमापाने सिद्ध झालेला रक्ताचा तुटवडा. असा रुग्ण रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून झोपतो, कारण खाली सोडल्यावर थोडे रक्त उतरते. सतत लोंबकळल्याने पाय सुजतो, आणि ती सूज पाहून ‘पाय वर ठेवा’ असा नेमका उलटा सल्ला दिला जातो.

यापुढे तीन गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात: जखम किती खोल, रक्त किती कमी, जंतुसंसर्ग किती. विफाय या नावाने ही पद्धत 2014 पासून वापरात आहे. अंगठ्याचा दाब 60 किंवा वर असेल तर रक्ताचा गुण शून्य, 40 ते 59 एक, 30 ते 39 दोन, 30 च्या खाली तीन. याचा उपयोग सरळ आहे. दोन रुग्णांची अँजिओग्राफी हुबेहूब सारखी असली तरी एकाला बोटाला खरचटलेले असते आणि दुसऱ्याची टाच हाडापर्यंत गेलेली असते. दुसऱ्याला जास्त रक्त हवे, आणि तेही लवकर. पू असेल तर आधी तो काढायचा, मग रक्तवाहिनीचे काम. बोटे काळी पण कोरडी असतील तर उलट क्रम: आधी रक्त आणायचे, मग बोटे काढायची. हा क्रम चुकला की बोट काढल्याची जखम भरत नाही आणि पुढच्या महिन्यात पाऊल काढावे लागते.

प्र. आधी बलून की आधी बायपास?

या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास झाले आणि वरवर पाहता त्यांची उत्तरे उलटी आली.

पहिला बेस्ट-सीएलआय, नोव्हेंबर 2022. अमेरिका, कॅनडा, फिनलंड, इटली आणि न्यूझीलंडमधील 1830 रुग्ण. ज्यांच्या पायात सलग चांगली लांब शीर होती असे 1434 जण पहिल्या गटात होते. त्यांत मोठी पुनर्शस्त्रक्रिया, घोट्याच्या वरून पाय कापणे किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण बायपासमध्ये 42.6 टक्के आणि बलून-स्टेंटमध्ये 57.4 टक्के होते. ज्यांच्याकडे अशी शीर नव्हती त्या 396 जणांत फरक सिद्ध झाला नाही (42.8 विरुद्ध 47.7).

दुसरा बेसिल-2, 2023. ब्रिटन, स्वीडन आणि डेन्मार्कमधील 345 रुग्ण, सर्वांना गुडघ्याखाली अडथळा. पाय कापणे किंवा मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण बायपास गटात 63 टक्के आणि बलून गटात 53 टक्के. येथे बलून सरस.

फरक कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. बेसिल-2 मध्ये पाय कापण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. निकाल फिरला तो मृत्यूंमुळे. रुग्ण वयस्कर होते आणि सगळ्यांचा आजार गुडघ्याखाली पोहोचलेला होता. बेस्ट-सीएलआयमध्ये मांडीतील लांब अडथळेही होते, आणि मोठी पुनर्शस्त्रक्रिया हीसुद्धा ‘अपयश’ म्हणून मोजली गेली. ती बायपासमध्ये 9.2 टक्के तर बलूनमध्ये 23.5 टक्के जणांना लागली. बेसिल-2 च्या मुख्य निकालात पुनर्शस्त्रक्रिया धरलीच नव्हती.

आमचा निष्कर्ष असा: माणूस दोन-तीन वर्षांहून जास्त जगेल असे वाटते, हृदय भूल सहन करेल, अडथळा लांब आहे आणि शीर चांगली आहे, तर बायपासचा विचार पहिला करावा. वय झालेले, हृदय-मूत्रपिंड थकलेले, अडथळा आखूड किंवा शीर नाही, तर बलून. दोन्ही पर्याय करू शकणाऱ्या केंद्रात निर्णय व्हावा. ज्याच्याकडे फक्त बलूनची सोय आहे तो बलूनच सुचवणार, यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही.

दोन्ही अभ्यासांत भारतातील एकही केंद्र नव्हते. अनवाणी चालणे, जखम उशिरा दाखवणे आणि विडी-तंबाखू यांमुळे आपल्याकडे येणारा पाय जास्त बिघडलेला असू शकतो. आकडे तंतोतंत लावू नयेत.

प्र. शीर ‘चांगली’ आहे हे कसं ठरतं?

शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफीने शिरेचा नकाशा काढतात. त्याला व्हेन मॅपिंग म्हणतात. खोली उबदार हवी आणि पाय खाली सोडलेला किंवा रुग्ण उभा हवा. गारठ्यात, आडवे झोपवून मोजले तर चांगली शीरही बारीक दिसते आणि ‘शीर नाही’ असा चुकीचा शेरा पडतो. जांघ, मांडीचा मध्य, गुडघा, पोटरी आणि घोटा येथे व्यास मोजतात. 3 मिमी किंवा अधिक, दाबल्यावर पूर्ण मिटणारी, भिंत जाड नसलेली आणि सलग अशी शीर उत्तम. या पायात नसेल तर दुसऱ्या पायाची, नाहीतर हाताची.

म्हणून मधुमेहीच्या पायाच्या शिरेत सलाइन लावू देऊ नका. हृदयाच्या बायपाससाठी एका पायाची शीर गेली असेल तर ती नोंद सोबत ठेवा. व्हेरिकोज व्हेन्ससाठी लेझर करण्याआधी पायाचे ठोके तपासून घ्या. धमनी बंद असलेल्या माणसाची तीच मुख्य शीर जाळून टाकली, तर पुढे बायपासची दोरीच उरत नाही.

शीर नसेल तर कृत्रिम नळी वापरतात, साधारण 6 मिमीची. गुडघ्याच्या वर ती बऱ्यापैकी टिकते, गुडघ्याखाली लवकर बंद पडते, आणि तिच्यात संसर्ग झाला तर ती सहसा काढावीच लागते.

प्र. बायपास करूनही बंद का पडतो?

बंद पडण्याच्या वेळेवरून कारण कळते. पहिल्या महिन्यात बंद पडला तर बहुधा तांत्रिक दोष: शीर पिळली गेली, शिरेतील झडप पूर्ण कापली गेली नाही, जोडणी अरुंद झाली किंवा खालची धमनीच रक्त पुढे नेण्याजोगी नव्हती. महिना ते दोन वर्षे या काळात शिरेचे अस्तर आतून जाड होते. धमनीच्या दाबाची सवय नसलेली शीर अशी प्रतिक्रिया देते. 2006 च्या प्रिव्हेंट-3 अभ्यासात 1404 रुग्णांत शीर जोडण्यापूर्वी एका औषधात भिजवून ही वाढ रोखण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. दोन वर्षांनंतर मूळ आजारच वरच्या किंवा खालच्या धमनीत वाढतो.

मधल्या टप्प्यातला दोष बंद पडण्याआधी पकडता येतो, म्हणून पहिल्या वर्षी डॉपलरला साधारण एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी यावे. बायपासच्या शिरेत एका जागी प्रवाहाचा वेग सेकंदाला 300 सेंमीच्या वर गेला, किंवा मधल्या भागात 45 च्या खाली आला, तर ती धोक्याची घंटा. त्याच वेळी छोट्या बलूनने काम भागते. पूर्ण बंद पडलेली शीर पुन्हा चालू करणे फार कठीण. पाय बरा वाटतो म्हणून तपासणी चुकवणारे रुग्ण येथेच फसतात.

प्र. औषध लावलेल्या बलूनने मृत्यू वाढतात, असं वाचलं. खरं काय?

डिसेंबर 2018 मध्ये एका एकत्रित विश्लेषणात मांडीच्या धमनीत पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा बलून किंवा स्टेंट वापरलेल्यांत काही वर्षांनी मृत्यू जास्त दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये सावधगिरीची सूचना काढली. 2020 मध्ये स्वीडनच्या स्वीडपॅड अभ्यासाच्या 2289 रुग्णांवरील अंतरिम निकालात फरक दिसला नाही. जास्त माहिती जमल्यावर जुलै 2023 मध्ये अमेरिकी प्रशासनाने मृत्यूचा वाढीव धोका दिसत नसल्याचे सांगितले.

भीती ओसरली, पण उत्साहालाही लगाम बसला. 2025 मध्ये स्वीडपॅडचे अंतिम निकाल आले, त्यांत औषधाच्या बलून-स्टेंटमुळे पाय कापण्याचे प्रमाण कमी झाले नाही आणि चालण्याच्या दुखण्याच्या गटात जगण्याचा दर्जाही वाढला नाही. धमनी पुन्हा अरुंद होणे कमी होते, एवढा फायदा धरून किमतीचा विचार करावा.

प्र. गुडघ्याखाली काहीच करता येत नाही, असं सांगितलंय. नवं काही आहे का?

दोन गोष्टी आहेत. विरघळणारा, एव्हरोलिमस औषध सोडणारा स्टेंट: 2023 च्या लाइफ-बीटीके अभ्यासात 261 रुग्णांत वर्षभराने धमनी नीट चालू राहून पाय वाचलेले 74 टक्के होते, साध्या बलूनमध्ये 44 टक्के. पण निवडलेले अडथळे फार लांब नव्हते.

दुसरी, खालच्या धमन्या पूर्ण संपल्या असतील तेव्हा धमनीचे रक्त खोल शिरेत वळवून उलट्या वाटेने पावलात नेणे. 2023 च्या प्रॉमिस-2 अभ्यासात ज्यांना दुसरा पर्याय उरला नव्हता अशा 105 जणांपैकी सहा महिन्यांनी सुमारे दोनतृतीयांश पाय न कापता जिवंत होते. जखम पूर्ण भरलेले मात्र तेव्हा पावभागच. ही मंद प्रक्रिया आहे. नवा मार्ग रुळायला काही आठवडे लागतात, म्हणून वेगाने पसरणाऱ्या जंतुसंसर्गात तिचा उपयोग नाही.

‘काहीच करता येत नाही’ हे एकाच डॉक्टरचे मत असेल तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरे मत जरूर घ्या. कागदी रिपोर्ट पुरत नाही, चित्रफीत लागते. त्यात पावलापर्यंतच्या धमन्या दिसतात की नाही, हे आधी पाहा. बऱ्याचदा चित्रण घोट्यापाशी थांबवलेले असते.

प्र. स्टेम सेल, चिलेशन, ‘विना ऑपरेशन ब्लॉकेज साफ’?

चिलेशनचे, म्हणजे शरीरातील धातू बाहेर काढणाऱ्या औषधाचे सलाइन घेऊ नये. हृदयविकारानंतरच्या मधुमेहींवर झालेल्या टॅक्ट-2 या मोठ्या अभ्यासातही 2024 मध्ये फायदा दिसला नाही, आणि तेवढ्या काळात पाय हातचा जातो. पेशी-उपचारांबाबत आशा जास्त आणि पुरावा कमी. 2015 च्या नेदरलँड्समधील जुव्हेंटास अभ्यासात 160 रुग्णांना स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी धमनीतून देऊनही पाय कापण्याचे प्रमाण घटले नाही. भारतात बर्जर आजारासाठी (त्याबद्दल पुढच्या उत्तरात) स्नायूत टोचायच्या पेशी-उपचाराला परवानगी मिळालेली आहे. पण जेथे बलून किंवा बायपास शक्य आहे तेथे तो पर्याय ठरत नाही.

प्र. वय 35, शुगर नाही, तरी बोटं काळी पडली. असं कसं?

तंबाखू विचारा. तरुण वयात, गुडघ्याखालच्या आणि कधी हाताच्या बारीक धमन्या सुजून बंद पडणे म्हणजे बर्जर आजार. 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत तो अजून दिसतो. बायपास जोडायला खाली धमनीच उरलेली नसते, म्हणून खरा उपचार एकच: तंबाखू पूर्ण बंद. ‘दोनच ओढतो’ चालत नाही. मशेरी, तपकीर, गुटखाही नाही. वेळेत सोडणाऱ्याचा पाय बहुतेक वाचतो.

प्र. घरी काय करू नये?

गार पडलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. संवेदना नाही आणि उष्णता वाहून न्यायला रक्तही नाही, त्यामुळे साध्या शेकानेही त्वचा भाजते. कुरूप ब्लेडने कापू नका, त्यावर बाजारातली आम्लाची पट्टी लावू नका. घट्ट झालेली जोडवी काढून ठेवा. देवळात उन्हाने तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका, मोजे घाला. रोज रात्री बोटांच्या बेचक्या पाहा. स्वतःला वाकून दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा.

प्र. पाय अचानक गार पडला तर?

पाय एकाएकी पांढरा, गार, बधिर झाला आणि बोटे हलेनाशी झाली, तर ती तातडीची वेळ आहे. सुमारे सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. मालीश नाही, शेक नाही, सकाळपर्यंत वाट पाहणे नाही. रक्तवाहिनीचा सर्जन असलेल्या रुग्णालयात फोन करून निघा. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत आणि झडपेचा आजार असणाऱ्यांत हृदयातली रक्ताची गाठ सुटून पायात अडकते. 1963 पासून वापरात असलेल्या फोगार्टीच्या बलून-कॅथेटरने ती ओढून काढता येते, पण वेळेत.

प्र. खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून तुमची नेमकी प्रक्रिया यादीत आहे का, आणि औषधाचा बलून किंवा स्टेंट त्यात धरला आहे का, हे दाखल होण्याआधी विचारा.

प्र. संशोधनात भाग घ्या म्हणतात. घ्यावा का?

घेता येतो, काही गोष्टी पाहून. भारतातील वैद्यकीय चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर होते. 2009 पासून औषध महानियंत्रकांच्या अखत्यारीतील चाचण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः शोधून पाहा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. तीन प्रश्न विचारा: माझा उपचार चिठ्ठी टाकल्यासारखा ठरणार का, मला नेहमीचा चांगला उपचार नाकारला जाणार का, आणि चाचणीमुळे इजा झाली तर खर्च कोण करणार. 2019 च्या नियमांनुसार अशा इजेवर उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. चाचणीतून कधीही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे पुढचे उपचार अडत नाहीत. चाचणीतल्या औषधासाठी तुमच्याकडेच पैसे मागत असतील, तर रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडे विचारणा केल्याशिवाय सही करू नका. समितीचा फोन क्रमांक संमतीपत्रावरच छापलेला असतो.